बातमीबाईंची एक टाळी

बातमीबाईंना कुणी काही सांगायला गेलं की त्या आधी हात वर करून त्याला थांबवायच्या आणि विचारायच्या, "पाहिलंत की ऐकलंत?" मग समोर मुख्याध्यापक असोत, शिपाई असो, नाहीतर पाचवीतलं नाक पुसणारं पोर असो. मी शाळेत नवीन लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात धावत शिक्षकखोलीत शिरलो आणि म्हणालो, "बाई, फाट्यावर फार मोठा अपघात झालाय." हात वर. "पाहिलात की ऐकलात?" मी म्हटलं, "ऐकला." "मग फार मोठा हे कुणी मोजलं?" मी विज्ञान शिकवणारा माणूस, मोजमाप म्हणजे माझा प्रांत, आणि मराठीच्या बाईंनी मला सगळ्या स्टाफसमोर असं उभं केलं. असा राग आला होता! संध्याकाळी कळलं की टेम्पोतून टोमॅटोचे काही क्रेट रस्त्यावर पडले होते, बाकी काही नाही.

आमची शाळा नाशिकला, इंदिरानगरच्या मागच्या अंगाला, जिथं अपार्टमेंट संपतात आणि मळे सुरू होतात तिथं आहे. निम्मी मुलं कॉलन्यांमधली. कुणाचे वडील कारकून, कुणाचे कारखान्यात. निम्मी मळ्यांतली, सकाळी झेंडू तोडून, मेथीच्या जुड्या बांधून मग दप्तर उचलणारी. शाळेतल्या इतर शिक्षिका काळाप्रमाणे 'मॅडम' झाल्या होत्या, या एकट्या 'बाई' राहिल्या. परिपाठाचं काम त्यांच्याकडं असल्यामुळं पोरांनी त्यांना बातमीबाई करून टाकलं होतं. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं त्यांनी कधी दाखवलं नाही.

मराठी शाळेत शिकलेल्याला परिपाठ वेगळा सांगायला नको. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, आणि मग एक मुलगा पेपरातले मथळे एका दमात वाचून टाकतो. दिल्लीत काय झालं, मुंबईत काय झालं. ते कुणी ऐकत नाही. वाचणाराही ऐकत नाही. बाईंनी त्याच्यापुढं एक नवीन गोष्ट जोडली होती, 'आपली बातमी'. पेपरवाल्यानंतर रोज एका मुलानं माइकसमोर यायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगायची. कोण, कुठं, केव्हा, काय, एवढंच. 'छान', 'भयंकर', 'मला वाटतं' असे शब्द बंद. शनिवारी सकाळची शाळा सुटली की याची तालीम माझ्या प्रयोगशाळेत चालायची, कारण शाळेतले धड चालणारे पंखे तिथंच होते. त्या टोळक्याचं नाव होतं बातमीदार मंडळ. माझ्या बाटल्या आणि परीक्षानळ्या सरकवून पोरं टेबलांवर बसायची, आणि मी कुरकुरत का होईना, पण मागं बसून सगळं ऐकायचो.

मंडळाचा एक रिवाज होता. बातमी संपली की सगळ्या शाळेनं एक टाळी वाजवायची. एकच. बातमी चांगली असो, वाईट असो, टाळी तेवढीच. मैदानावर पाचवी ते दहावीचे वर्ग रांगेत उभे आणि सगळ्यांचे हात एकाच वेळी वाजायचे. तो आवाज मागच्या कॉलनीपर्यंत जायचा. एकदा नव्या मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, काल त्या मुलानं आजी वारल्याची बातमी सांगितली, तरी टाळी?" बाई म्हणाल्या, "टाळी बातमीला नाही सर, उभं राहणाऱ्याला आहे. आजी गेल्यावर माइकसमोर येणं सोपं असतं का?" मुख्याध्यापक गप्प बसले. बाईंपुढं बहुतेक मुख्याध्यापक गप्पच बसायचे, आणि आम्हा बाकीच्यांना त्याची फार मजा वाटायची.

काय काय बातम्या ऐकल्या आम्ही! म्हशीला रेडकू झाल्याची. कॉलनीत पाणी येत नाही म्हणून बायकांनी नगरसेवकाच्या दारात हंडे मांडल्याची. मुख्याध्यापकांची स्कूटर 'नो पार्किंग'मधून उचलून नेल्याची. ती सांगणारा मुलगा साक्षीदार म्हणून तिथंच वडापाव खात उभा होता. एकदा सहावीतल्या एकानं सांगितलं, "परवा आमच्या बांधावर माझे पप्पा आणि काका भांडले. काकांच्या डोक्याला टाके पडले." टाळी. दुसऱ्या दिवशी पप्पा लालबुंद होऊन शाळेत हजर. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "मुलानं खोटं सांगितलं का?" ते म्हणाले, "खोटं नाय वो बाई, पण घरातली गोष्ट हाय ना ती." बाई म्हणाल्या, "सांगितलेली गोष्ट एकट्याची राहत नाही. तुमच्या पोरानं ती दोन दिवस एकट्यानं पोटात ठेवली होती, जेवत नव्हता तो." त्या गृहस्थांनी चहा बशीत ओतून संपवला. पुढं दोघं भाऊ बोलायला लागले असं म्हणतात. मी ते ऐकलं, पाहिलं नाही.

हे वाक्य बाईंचं आवडतं होतं. सांगितलेली गोष्ट एकट्याची राहत नाही. मंडळातल्या पोरांना ते पाढ्यासारखं पाठ झालं होतं. मी एकदा चिडवलं, "बाई, तुम्ही पत्रकार व्हायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "नको हो सर. तिथं बातमी नसली तरी रोज छापावं लागतं."

मंडळात कोमल नावाची मुलगी होती, नववीतली. मळ्यातली. घरची झेंडूची आणि भाजीची शेती, आईवडील रोज सकाळी माल घेऊन मार्केटला. कोमलच्या बातम्या बाजारातल्या असायच्या आणि त्यांत एक शब्द इकडंतिकडं नसायचा. "काल कोथिंबीर कुणी घेतली नाही. बाबा जुड्या तिथंच ठेवून आले. येताना ते बोलले नाहीत. धन्यवाद." बाई अशा वेळी माझ्याकडं बघायच्या, जसं काही कोमल मीच घडवली आणि त्याबद्दल त्या माझं अभिनंदन करतायत. "हिला शिकवायचं काही उरलं नाही," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. त्यांनी कुणाबद्दल असं बोललेलं मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

थंडी ओसरत आली होती तेव्हाची गोष्ट. सोमवारचा परिपाठ. पेपरातल्या बातम्या झाल्या आणि कोमल माइकसमोर आली. आवाज नेहमीसारखाच सरळ. "आपली बातमी. काल आमच्या घरी पाहुणे आले होते. माझं लग्न ठरलं. परीक्षा झाल्यावर लग्न आहे. मुलगा ट्रॅक्टर चालवतो. धन्यवाद."

आणि सगळ्या शाळेनं टाळी वाजवली.

सवय होती, दुसरं काय. पाचवीपासून दहावीपर्यंत, आम्हा शिक्षकांसकट, एकच खणखणीत टाळी. फक्त बाईंचे हात जुळले नाहीत. ते दोन्ही हात तसेच समोर अर्धवट धरून त्या उभ्या होत्या. मग पोरं मौनासाठी डोळे मिटून उभी राहिली आणि त्या शांततेत माइक तेवढा खरखरत राहिला.

मधल्या सुट्टीत बाईंनी कोमलला प्रयोगशाळेत आणलं. मी बाहेर जायला निघालो तर म्हणाल्या, "थांबा सर." त्यांनी विचारलं, "तुला करायचंय का हे लग्न?"

"मला कुणी विचारलं नाही, बाई."

"मग सगळ्या शाळेसमोर का सांगितलंस?"

कोमल जरा चकित झाली. एवढी साधी गोष्ट बाईंना कशी कळली नाही, असा तिचा चेहरा झाला. "तुम्हीच सांगता ना, बाई. सांगितलेली गोष्ट एकट्याची राहत नाही."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या क्षणी त्या मुलीला पूर्ण खात्री होती की आता काहीतरी होणार, आणि आम्हा दोघांना ती खात्री नव्हती.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही मळ्यावर गेलो; बाई त्यांच्या स्कूटीवर, मी माझ्या. कोमलच्या वडिलांनी लगबगीनं बाज झटकून वर सतरंजी टाकली, "या बाई, या सर" केलं, पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता. माझी सगळी पंचाईत तिथंच आहे. तो वाईट असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "बाई, तुमचं सगळं खरं हाय. पण आम्ही दोघं सकाळच्याला मार्केटात. पोरगी एकटी घरी. शाळेच्या वाटंला दोन पोरं रोज गाडी घेऊन मागं येत्यात. उद्या काय झालं तर मंग? तुमी देनार का भरून?" कोमलची आई दाराआडून म्हणाली, "आमी का वाईट करतोय का तिचं? आमच्या पोटाची हाय ती."

बाईंनी कायदा सांगितला, वय सांगितलं. वडील मान हलवत राहिले. मग बाईंनी कायदा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "वाटेची भीती आहे ना? उद्यापासून मी तिला आणते आणि मी सोडते. मग तर झालं?" वडिलांना हे अपेक्षित नव्हतं. ते म्हणाले, "बघू बाई. परीक्षा तर होऊ द्या." बाईंनी ते 'बघू' होकार म्हणून धरलं. दुसऱ्या कुणी असा अंदाज बांधला असता तर त्यांनी त्याला फाडून खाल्लं असतं.

पुढचे आठवडे बाई रोज सकाळी हेल्मेट घालून मळ्यावर हजर. कोमल मागं बसलेली, आणि तिच्या मागं अंग चोरून तिची धाकटी बहीण धनश्री, सातवीतली. तिघी एका स्कूटीवर! मी म्हणायचो, "बाई, पोलीस धरतील." त्या म्हणायच्या, "धरू दे, परिपाठाला एक बातमी होईल." त्या दिवसांत त्या हसायच्या, चक्क विनोद करायच्या. ती दोन पोरंही वाटेवरून गायब झाली. मळ्यात मात्र वेगळंच शिजत होतं. बाई मागं लागल्यात, बाई काहीतरी करणार, हे घरच्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी लग्न पुढं नाही, अलीकडं ओढलं.

वार्षिक परीक्षा सुरू होती. भूगोलाच्या पेपराला कोमल नव्हती. सकाळी मळ्यावर बाईंना सांगण्यात आलं होतं की तिला ताप आहे. धनश्री एकटी मागं बसून आली होती आणि वाटेत काही बोलली नव्हती. पण पेपर सुटल्यावर ती आपण होऊन शिक्षकखोलीच्या दारात आली आणि, मंडळात बसायला अजून तिला परवानगी नव्हती तरी, अगदी मंडळाच्या पद्धतीनं म्हणाली, "बाई, ताईला हळद लावली. आज पहाटे, ओट्यावर. मी पाहिलं. उद्या लग्न आहे."

बाईंनी फोन केला. बालविवाह थांबवणारी माणसं असतात, ती आली, बरोबर एक पोलीस होता. बाई गेल्यावर घातलेला मांडव उतरला. कोमलच्या वडिलांकडून लिहून घेतलं की मुलगी सज्ञान होईपर्यंत लग्न करणार नाही. बाई त्या दिवशी शाळेत परत आल्या आणि माझ्या टेबलाशी येऊन नुसत्या बसल्या. "झालं सर," म्हणाल्या. "थांबलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मी शिपायाला चहा सांगितला आणि साखर जास्त टाकायला सांगितली. त्यांना तशी आवडायची.

मे महिन्याच्या सुट्टीत ते लग्न मामाच्या गावाला झालं. गाजावाजा नाही, वाजंत्री नाही. चार माणसांत, देवळात. आम्हाला जूनमध्ये शाळा उघडल्यावर कळलं, तेही कोमलचा बाक रिकामा दिसला म्हणून शेजारच्या मळ्यात चौकशी केली तेव्हा. बाईंनी धनश्रीला बोलावलं. ती आली, खाली बघत उभी राहिली. बाईंनी तीनदा विचारलं. शेवटी ती म्हणाली, "मी काही नाही सांगणार, बाई. मागच्या वेळी आईनं मला लय मारलं. घरी पोलीस आला तो माझ्यामुळं, असं सगळे म्हणतात." आणि ती रडायला लागली. बाईंनी तिला जवळ घ्यायला हात पुढं केला, तर ती एक पाऊल मागं सरकली.

मी पाहिलंय, म्हणून सांगतो. त्या एका पावलानं बाई म्हाताऱ्या झाल्या.

मग मंडळाचं जे झालं ते हळूहळू झालं. मळ्यांमधून, कॉलन्यांमधूनही पोरांना सांगितलं गेलं होतं, शाळेत घरातलं काही बोलायचं नाही, त्या बाई पोलीस आणतात. परिपाठात 'आपली बातमी' रोज होत राहिली. "काल पाऊस पडला. धन्यवाद." टाळी. "काल आमच्याकडे सत्यनारायण होता. धन्यवाद." टाळी. "माझ्या मामांनी नवीन गाडी घेतली. धन्यवाद." टाळी. शनिवारी पोरं माझ्या टेबलांवर बसायची तशीच बसायची, पण कुणाच्या वडिलांनी माल टाकून दिला नव्हता, कुणाच्या आजीला काही झालं नव्हतं, कुणी कुणाशी भांडलं नव्हतं. सगळ्या नाशिकमध्ये सुखच सुख. बाई एकदा मला म्हणाल्या, "सर, ज्यानं कुणालाही काही होणार नाही तेवढंच ही पोरं आता सांगतात. आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. एकीनं माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं, तिचं मी काय केलं? तिचे उरलेले पेपरसुद्धा बुडवले."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही नसता तरी लग्न झालंच असतं."

"झालं असतं. पण तिनं सांगितलं होतं ना. सांगूनही झालं, हे वाईट." मला आजही राग येतो, पण तो काढायचा कुणावर? तिच्या बापावर काढायला जावं तर तो बाज झटकून सतरंजी टाकताना दिसतो.

दिवाळीनंतर कोमल दाखला न्यायला शाळेत आली. सोबत नवरा होता; पोरगेलासा, अवघडलेला, गेटपाशीच थांबला. बाई तासावर होत्या, तास सोडून आल्या. व्हरांड्यात दोघी समोरासमोर. बाईंनी विचारलं, "कशी आहेस?"

"बरी आहे."

"घरी कसं आहे?"

"बरं आहे."

"काही सांगायचंय का, कोमल?"

"नाही, बाई." तिनं पदर सावरला, वाकून बाईंच्या पाया पडली आणि गेली. बाई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत म्हणाल्या, "सर, 'बरी आहे' ही बातमी नाही." मी त्यांना हाताला धरून शिक्षकखोलीत आणलं. तो तास त्यांनी पुढं घेतला नाही.

दुसऱ्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात आम्ही सगळे बोललो, शाल दिली, श्रीफळ दिलं. बाईंना बोलायचा आग्रह झाला तेव्हा त्यांनी हात जोडले आणि खाली बसल्या. ज्यांच्या नावानं शाळा ओळखली जायची त्यांनी जाताना एक वाक्य बोलू नये, हे मला फार लागलं. परिपाठ नव्या मॅडमांकडं गेला. त्यांनी 'आपली बातमी' बंद केली आणि त्या जागी इंग्रजी शब्द सुरू केले. कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेण्यासारखं राहिलंच काय होतं?

निवृत्तीनंतर बाई दर सोमवारी मला फोन करायच्या. शाळेची चौकशी वगैरे काही नाही. एकच प्रश्न, "धनश्री येते ना शाळेत?" मी म्हणायचो, "येते बाई." "अभ्यास?" "ठीक आहे." "कुणाशी बोलते का?" "मैत्रिणींशी बोलते." मग त्या "बरं" म्हणून फोन ठेवायच्या. मला हे काम जड नव्हतं. उलट सोमवारी हजेरी घेताना माझे डोळे आधी तिलाच शोधायचे आणि ती दिसली की मला बरं वाटायचं. ती नववीत गेली. गणितात चांगली होती. बाईंना मी ते मुद्दाम सांगितलं, तेव्हा त्या बऱ्याच दिवसांनी मोकळेपणी हसल्या.

या जूनमध्ये शाळा उघडली आणि दहावीच्या वर्गात धनश्री नव्हती. उशीर झाला असेल म्हणून मी दोन दिवस वाट पाहिली. मग तिच्या बाकावरच्या मुलींना विचारलं. त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी एक म्हणाली, "सर, तिचं लग्न झालं. एप्रिलमध्ये." मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?" ती म्हणाली, "आधीच. आम्ही गेलो होतो हळदीला." वर्गातल्या बहुतेक मुली गेल्या होत्या. मांडवात नाचल्या होत्या. महिनाभर त्यांना माहीत होतं, त्याच वेळी मी त्यांना प्रकाशाचं परावर्तन शिकवत होतो, आणि त्या सगळ्या माझ्याकडं बघत वहीत आकृत्या काढत होत्या.

सोमवारी फोन आला. मी सगळं सांगितलं, मुलींना माहीत होतं हेसुद्धा. न सांगता मला राहवलं नसतं, आणि बाईंशी खोटं बोलायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. मी "बाई? बाई?" म्हणत राहिलो. मग त्या म्हणाल्या, "ठेवते, सर."

पुढच्या सोमवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी मीच केला, तर त्यांच्या मिस्टरांनी उचलला. ते भले गृहस्थ, त्यांचा आवाज अगदी पडलेला होता. म्हणाले, "आहे ती घरात, इथंच बसलीय. पण सर, तिनं सांगून ठेवलंय, शाळेतून फोन आला तर मला द्यायचा नाही. मला आता काही कळायला नको, म्हणते."